हौसाक्काचा लेप

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही. चाळीस वर्षं संसार केला, भांडणात एकमेकांची सगळी उणीदुणी काढून झाली, पण हे नाही. मुलीलाही नाही, आणि ती स्वतः डॉक्टर आहे. आज तुम्ही समोर बसलायत, माझेही आता फार दिवस उरलेले नाहीत, तर सांगते. फक्त एक अट — मधेच "जाऊ द्या हो बाई, माणूस आहे, चुकतंच" असं म्हणायचं नाही. मी चुकीबद्दल बोलणारच नाही आहे. म्हणजे चूक आहे त्यात, पण ती लहान. मोठं आहे ते पुढे आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. सत्तर सालानंतर कोल्हापुरात मी लॅब टाकली तेव्हा लोकांना धड उच्चारही करता येत नव्हता. "मांसाचं तुकडं बघणारी बाई" हीच माझी ओळख. सर्जन ऑपरेशनमध्ये तुकडा काढायचे, बाटलीत घालून माझ्याकडे धाडायचे. मी तो मेणात बसवायची, त्याचे कागदाहून पातळ काप काढायची, काचेवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायची, आणि मायक्रोस्कोप खिडकीत ठेवून बघायची. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून आरशावर ऊन घ्यायची सवय. आणि मी चांगली होते. उगाच नम्रपणाचं सोंग कशाला? या कामात माझा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. एखादा सर्जन फोनवर विचारायचा, "बाई, नक्की ना?" — की माझं उत्तर ठरलेलं. "मी लिहिलंय ना?" आणि फोन खाली.

आता थोडं पेशींचं ऐका. कंटाळू नका, त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. आपल्या कातडीत, तोंडाच्या आतल्या अस्तरात ज्या पेशी असतात ना, त्या भारी शिस्तीच्या. खाली एक पातळ पडदा, त्याच्यावर एकीला एक चिकटून, पंगतीला बसल्यासारख्या. पण बाळ पोटात घडत असतं तेव्हा अशाच पंगतीतल्या काही पेशी उठतात. शेजारणीला सोडतात, अंग लांबट करतात, आणि चालत चालत दुसरीकडे जाऊन कुठे हाड होतात, कुठे स्नायू. त्या उठल्या नसत्या तर तुम्ही-मी घडलोच नसतो. पुढे मोठेपणी जखम झाली, की कडेच्या पेशी पुन्हा जरा सैल होतात, सरपटत जाऊन जखम झाकतात, आणि गुमान परत रांगेत बसतात. जखम वर्षानुवर्षं भरलीच नाही तर खाली नुसते तंतू साठत जातात, वण लाकडासारखा टणक होतो. आणि कधीतरी कडेच्या त्या पेशी परत बसतच नाहीत. पडदा फोडून खाली उतरतात. रूप असं बदलतात, की वणातल्या साध्या पेशी कुठल्या आणि या कुठल्या, ते बघणाऱ्याला कळू नये. कातडीचा कॅन्सर असाही पसरतो.

हे मला पाठ होतं. अहो, पाठ काय — शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत मी यावर तासभर बोलले होते! फळ्यावर खडूनं ती लांबट पेशी काढून म्हणाले होते, "हिला ओळखा. ही फसवते." टाळ्या पडल्या होत्या. त्यानंतर महिना-दीड महिन्यात येसबा आला.

येसबा मुरगूडकडचा. गुळव्या. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवतात, तेव्हा पाक नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या — गुऱ्हाळावर त्याचा शब्द शेवटचा. ऐन उमेदीत त्याच्या नडगीवर उकळता पाक सांडला होता. भाजलेलं भरलं, पुन्हा फुटलं, पुन्हा भरलं, असं वीस वर्षं चाललेलं. आता कड जाड झाली, म्हणून सर्जननं दोन तुकडे काढले, एक मधला, एक कडेचा, आणि बाटली देऊन नवरा-बायकोला माझ्याकडे पाठवलं. बाटली हौसाक्काच्या हातात होती, फडक्यात गुंडाळलेली. हौसाक्का त्याची बायको. ती रोज त्याची जखम धुवायची आणि दगडीपाला ठेचून, हळद घालून त्याचा लेप बांधायची. गावात कुणाला विळा लागो, खुरपं लागो, लोक आधी तिच्याकडे यायचे. हौसाक्काच्या हाताला गुण आहे म्हणायचे. हे मला येसबानंच सांगितलं, बायकोचं कौतुक करत.

आणि जाताना तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "बाई, कडंचा तुकडा नीट बघा. काहिलीत बी पाक आदी कडंलाच धरतोय. मधी बघत बसणारा गुळव्या फसतोय बगा."

मी हसले. "तुम्ही गूळ बघा, मी पेशी बघते," म्हटलं.

बघितलं. मधल्या तुकड्यात काही नव्हतं. कडेच्या तुकड्यात रांग जाड झालेली, आणि एका कोपऱ्यात, खाली तंतूंमध्ये, पाच-सहा लांबट पेशी. त्या मला दिसल्या. हे लक्षात ठेवा — दिसल्या नाहीत असं मी म्हणत नाही. दिसल्या, आणि वणातल्याच असणार म्हणून मी काच पुढे सरकवली. घाई होती का? नव्हती. ऊन चांगलं होतं, तब्येत ठणठणीत होती, टेबलावर दुसरं कामही नव्हतं. आणखी चार काप काढून बघायला अर्धा दिवस गेला असता. पण मला कशाला हवेत चार काप? मी मी होते. कॅन्सर नाही, न भरणारी जुनी जखम — असं लिहून सही ठोकली, आणि कागद न्यायला आलेल्या त्या दोघांना काही नाही, निर्धास्त जा म्हटलं.

पुढच्या हंगामात येसबाच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली. तिचा तुकडाही माझ्याकडेच आला, आणि त्यात शंकेला जागाच नव्हती. मी उठले, कपाटातून जुनी काच काढली. तोच कोपरा. या वेळी नीट बघितलं, तर पाच-सहा कसल्या — रांगेतून सुटून खाली गेलेली आख्खी ओळ होती. बोट ठेवून दाखवावी अशी. मेणाच्या जुन्या ठोकळ्यातून आणखी काप काढले, तर त्यात ती अजून ठळक. काच परत कपाटात ठेवली मी.

आता सांगा, काय करायला हवं होतं? फोन उचलायचा आणि म्हणायचं, माझं चुकलं. दोन शब्द. सर्जननं स्वतःच विचारलं, "बाई, मागच्या वेळी नव्हतं ना?" मी म्हटलं, "तेव्हा नव्हतं." त्यानं काच बघायला मागितली नाही. मी लिहिलं होतं ना!

पण तेही सोडा. तेवढंच असतं तर मी हे सांगायला बसले नसते. भेकडपणा केला, असे पुष्कळ करतात.

दोन दिवसांनी ती दोघं लॅबवर आली. कागद सर्जनकडे गेला होता, त्यानं सगळं सांगितलंही होतं. तरी आली, कारण मागच्या वेळी निर्धास्त करून घरी पाठवणारी मी होते. येसबा पाय स्टुलावर टाकून बसला. हौसाक्कानं विचारलं — रागानं नाही हं, पोरीनं शाळेत बाईंना विचारावं तसं. "बाई, तवा न्हाय म्हणालासा न्हवं? मग आता ह्ये कुठनं आलं?"

सरळ प्रश्न. त्याचं उत्तर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. आणि माझी नजर गेली तिच्या बोटांवर. रोज पाला ठेचून ठेचून बोटं हिरवट-काळी पडली होती, नखांत हळद होती. मी म्हटलं, "पाला कोण लावतं?"

"मीच की."

"मग झालं तर. रोज ते चोळून चोळून जखम खवळली. नसतं लावलं तर ही वेळ आली नसती."

हे मी बोलले. रागाच्या भरात नाही, गोंधळून नाही — चांगलं शांतपणे, रिपोर्ट वाचून दाखवावा तशी. पाल्यानं काही झालं नव्हतं. ती जखम धुवायची, झाकायची, एवढंच. वीस वर्षं तो चालता-फिरता राहिला त्यात तिच्या हातांचाही वाटा असेल. मला हे बोलताना माहीत होतं. तोंडातून शब्द बाहेर पडत होते तेव्हा माहीत होतं.

हौसाक्कानं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. येसबा म्हणाला, "आगं, येवढं मनाला लावून घिऊ नगं." आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं. कडेचं नीट बघा म्हणून त्यानंच सांगितलं होतं ना? मला वाटतं, त्याला कळलं. काठी घेतली, उठला, आणि दोघं एसटी गाठायला निघून गेली.

त्याचा पाय मांडीतून काढला, जांघही साफ केली. पुढच्या हंगामात काहिलीखालचं चुलवाण पेटायच्या आत येसबा गेला. पहिल्याच वेळी बरोबर सांगितलं असतं तर वाचला असता? खात्रीनं नाही सांगता येत. पण आशा होती, आणि बरीच होती. ती त्याच्यापर्यंत मी पोचूच दिली नाही.

त्यानंतर माझ्या नजरेतून कडेची पेशी सुटली नाही, हे मात्र खरं. प्रत्येक तुकड्याची कड आधी बघायची, शंका आली की आणखी काप. पुढे शिकायला येणाऱ्यांना मी तेच घोकून घेतलं. लोक म्हणायचे, बाईंचा डोळा म्हणजे काय! येसबाचं नाव मी कधी घेतलं नाही.

आणि हौसाक्का? ती दरवर्षी यायची. हंगाम संपला की फडक्यात गूळ बांधून. तुम्हाला वाटेल, शिव्या घालायला येत असेल. घालायला हव्या होत्या. पहिल्या वर्षी आली तेव्हा मी दारातच गारठले. ती म्हणाली, "बाई, तुमी खरं त्ये तोंडावर सांगितलासा. दुसऱ्या कुनी सांगितलं नसतं." आणि गूळ माझ्या पुढ्यात ठेवला. मी तो घेतला. घरी नेला, पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांनी गुळाचं कौतुक केलं, आणि मीही दोन खाल्ल्या. अशी किती वर्षं? आठ तरी. आठ वर्षं ती मला दुवा देत होती आणि मी तो गूळ खात होते. लाज वाटायची का? वाटायची की. पण गूळ परत केला नाही, कारण परत का करते ते सांगावं लागलं असतं.

शेवटची आली तेव्हा मी काप काढायच्या यंत्रात नवं पातं बसवत होते. बोलता बोलता अंगठा सरळ पात्यावर गेला. रक्ताची धार लागली. लॅबच्या पायरीशी दगडीपाला उगवलेला असायचा, तो काय कुठेही उगवतो. मी सहज, खरंच सहज म्हणून गेले, "अगंबाई! हौसाक्का, लावा की काहीतरी."

ती चटकन उठली. वाकली, पाला खुडलासुद्धा, दोन बोटांत चुरगाळायला लागली. आणि थांबली. पाला खाली टाकला, हात पदराला पुसले, पदराखाली घेतले.

"नगं बाई. माजा हात वाईट हाय. नातवाचा गुडगा फुटला तरी मी हात लावत न्हाय."

कुणालाच हात लावत नाही म्हणाली. गावातली माणसं आली तरी परत पाठवते. नातू गुडघा धरून रडत समोर आला, तर सुनेला हाक मारते आणि स्वतः आत जाते.

मी डाव्या हातानं अंगठा बांधला. काचांचं कपाट तिथंच होतं, हात लांब केला असता तर दार उघडलं असतं. ती काच काढायची, तिला खुर्चीवर बसवायचं, आरशावर ऊन घ्यायचं आणि म्हणायचं, बघा हौसाक्का, हे पहिल्या दिवसापासून होतं, मला दिसलं होतं, तुमच्या पाल्याचा काही संबंध नाही. लॅबमध्ये आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. ऊनही होतं.

मी विचारलं, "चहा घेणार का?"

तिनं चहा घेतला. बशी विसळून ठेवली आणि गेली. पुढच्या वर्षी गूळ घेऊन तिचा मुलगा आला, म्हणाला, आई गेली. तोही गूळ मी ठेवून घेतला.

लॅब बंद केली तेव्हा सगळ्या काचा टाकल्या, ती एक ठेवलीय. रंग फिका झालाय, तरी ओळ अजून दिसते. हौसाक्काच्या हातात काहीही वाईट नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि मी तिला सांगितलं नाही.