आरतीचा पत्ता

सुगत तायडे अकोल्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात एकोणीस वर्षं ग्रंथपाल होते. भांडण त्यांना झेपायचं नाही. वाचनकक्षात कोणी मोठ्यानं बोललं, तरी जवळ जाऊन हळूच सांगायचे.

त्या मंगळवारी दुपारी एका उंच माणसानं त्यांच्या टेबलावर पुस्तक ठेवलं. विवाहित स्त्रियांच्या हक्कांबद्दल होतं, आत वाचनालयाचा शिक्का.

"आरती हे माहेरी विसरली. मी शेखर, तिचा नवरा. वलगावहून आलो. जमा करून घ्या."

सवयीनं सुगतरावांनी खणातून आरतीचं कार्ड काढलं. चार महिन्यांपूर्वी सभासद झाली, तेव्हा तिच्या मनगटाला प्लास्टर होतं. फॉर्म भरताना ती म्हणाली होती, "सर, माह्या खोलीचा पत्ता कोणाले देऊ नका." ते आठवलं आणि ध्यानात आलं, की हा माणूस वाकून कार्डच वाचायला बघतो आहे. त्यांनी चटकन त्यावर तळहात ठेवला.

"माही माय दवाखान्यात आहे, साहेब. सुनेचं तोंड पाहाचं म्हणते. पत्ता द्या फक्त."

त्याचे डोळे खरंच भरले होते. खोटं बोलत नसेल तर? म्हातारी तशीच गेली तर?

"पत्ता नाही देता येत. आल्यावर निरोप सांगतो मी तिले."

शेखरचे डोळे क्षणात कोरडे झाले. "आल्यावर? म्हणजे येते ती इथं."

आपण काय बोलून बसलो, ते सुगतरावांना तेव्हा कळलं. शेखरनं खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून बसला आणि मोबाइलवर कोणाशी तरी बोलू लागला.

थोड्याच वेळात वाचनालयाचे अध्यक्ष भगवंतराव यांचा फोन आला. "तायडे, पोरगा आपल्या ओळखीतला आहे. काहून अडवून राहिला त्याले?"

"साहेब, वाचकाची माहिती आहे ती. पोलिसांनी लेखी मागितली तर देईन."

"मी सांगून राहिलो ना!"

"नाही देत, साहेब." हे आपणच बोललो, यावर त्यांचा विश्वास बसेना.

"उद्या कमिटीसमोर ये मग," म्हणून भगवंतरावांनी फोन ठेवला.

साडेचार वाजले होते. कापडाच्या दुकानातली ड्युटी संपवून आरती सव्वापाचला यायची. कार्ड खिशात घालून सुगतराव जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत गेले. तिथून त्यांनी कार्डावरचा आरतीचा नंबर लावला.

"इकडे येऊ नका. शेखर दाराकडे पाहत बसला आहे. तुमी इथं येता, हे माह्याच तोंडून निघून गेलं. चूक झाली." मग त्यांनी दवाखान्याचा निरोपही सांगितला.

आरतीनं विचारलं, "कोणता दवाखाना, सर?" त्यांनी शेखरला विचारून कळवलं.

सहा वाजता कुलूप लावताना शेखर मागे उभा होता. "तुमचं घर कुठंशी आहे, तायडे साहेब?"

घरी बायको, रश्मी, एकटी होती. सुगतरावांनी स्कूटर घराकडे वळवलीच नाही. आरशात शेखरच्या मोटारसायकलचा दिवा दिसत होता, वळणावर हरवायचा, पुन्हा उगवायचा. ते सरळ पोलीस ठाण्यात शिरले. फाटकापाशी तो दिवा थांबला आणि मग निघून गेला. हवालदारानं वही काढली. आरतीची जुनी तक्रार तिथं होतीच.

दोन दिवसांनी आरती महिला पोलिसाला सोबत घेऊन दवाखान्यात गेली. सासू खरंच अत्यवस्थ होती. अर्धा तास आरती तिचा हात धरून बसली आणि मागच्या दारानं निघाली. शेखर बाहेरच होता. पोलिसांनी त्याला ठाण्यात नेऊन, पुन्हा तिच्या मागे जाणार नाही, असं लिहून घेतलं.

कमिटीनं सुगतरावांना मेमो दिला. त्यांनी दोन ओळींचं उत्तर लिहिलं. मेमो मागे घेतला गेला नाही, नोकरीही गेली नाही. आरतीनं खोली बदलली आणि वाचनालयात येणं सोडलं. तिची पुस्तकं दुकानातली गीतांजली नावाची मैत्रीण नेते-आणते.

ती मोटारसायकल सुगतरावांच्या गल्लीत नंतर दोनदा दिसली. रश्मी म्हणते, "कोणाचीही असंन." असेलही. पण फटफट ऐकू आली, की ते हातातला घास खाली ठेवतात आणि आवाज पुढे जाईपर्यंत थांबतात.