दीड तासाचं विमान

चहाचे कप विसळून पालथे घालते, तोवर आमच्या ऑफिसात नवा किस्सा तयार! सांगायचाही कंटाळा येतो आता. पण पोटात ठेवून तरी काय करू?

मी चौथी शिकलेली. नवरा लष्करात, त्याची बदली फोर्ट विल्यमला झाली आणि आम्ही कलकत्त्याचेच होऊन बसलो. इथल्याच सॉल्ट लेकमध्ये दुसऱ्या मजल्यावर जयंतरावांचं तिकिटांचं ऑफिस आहे. तिथे मी चहा करते आणि मराठी गिऱ्हाइकांशी भांडते. पगार फक्त चहाचा!

यंदा दोन महिने नुसत्या लीलाकाकू. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला, मुलगी पोर्टलंडला. बहीणभावाचं तीन वर्षं बोलणं बंद. काकूंना आधी मुलाकडे राहून मग मुलीकडे जायचं. मधलं विमान दीड तासाचं. त्या दीड तासानं आम्हाला म्हातारं केलं!

*

पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "जयंता, खालचा बर्थ बघ हो."

"काकू, विमान आहे ते!"

"मग खिडकी नको. वारा लागतो."

*

तारीख ठरली, तर नेमकी अमावास्या. जयंतराव म्हणाले, "आपली की तिकडची?"

"चंद्र काय दोन आहेत?" काकू कडाडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "जयंता, तिथे ती एक दिवस आधी लागते का रे?"

गेला आठवडा!

*

मुलाला सकाळचं विमान हवं, मुलीला संध्याकाळचं, तिचं ऑफिस सुटल्यावर. एकमेकांशी बोलायचं नाही, म्हणून फोन आम्हाला. "तिला सांगा." "त्याला सांगा."

शेवटी मी फोन ओढला. "दोघं एका देशात, आणि निरोप कलकत्त्यातून? मी चहा उकळू की तुमची भांडणं?"

मुलगा म्हणाला, "मावशी, आईला एअरपोर्टवर सोडीन. पुढे माझा संबंध नाही."

*

काकूंनी पोरांसाठी नोलेन गुळाचे, इथल्या त्या खजुरी गुळाचे, दोन डबे आणले. आमच्या बॅगांच्या काट्यावर दोनदा तोलले. "एकाला कमी गेला तर दुसऱ्याला कळेल ना!"

"कळायला बोलतात कुठे?" मी म्हणाले.

काकूंनी डब्यांची झाकणं पुन्हा घट्ट केली. मी न विचारता दुसरा चहा ठेवला.

*

तिकिटाच्या दिवशी लिफ्ट बंद. काकू सियालदहच्या बाजारातून पाच किलो संत्री घेऊन दोन मजले चढून आल्या. धाप नाही की घाम नाही.

"जयंता, व्हीलचेअर लिही. आणि मला एकटीला जमायचं नाही. त्याच विमानात मुलाचंही तिकीट लागेल."

"काकू, पण तो तर म्हणाला..."

काकू माझ्याकडे वळल्या. "शोभा, तू बोल. तुझं ऐकतो. सांग, आईचे गुडघे गेले."

मी संत्र्यांकडे बघितलं. मग फोन लावला आणि सांगितलं.

त्यानं गुडघ्यांचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, सकाळचं नको. संध्याकाळचं काढा. तिचं ऑफिस सुटू दे."

काकूंनी दोन्ही तिकिटं घडी करून पर्समध्ये घातली, पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाल्या.

"काकू, लिफ्ट सुरू झाली बघा!"

"राहू दे गं. तिची वाट बघत कोण उभं राहणार!"