हाकोलाची खुर्ची

थंडर बे शहरातल्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्यांचं वेळापत्रक बर्निस कोवालचुकने एकतीस वर्षं आखलं. बर्फ पडो, पूल बंद होवो, कुठली गाडी कुठल्या कोपऱ्यावर किती वाजून किती मिनिटांनी दिसली पाहिजे हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. ड्रायव्हर उशिरा आला की कारण विचारायची, आणि ते ऐकून घेताना हे खरं नसणार असा चेहरा करायची. निवृत्त झाली तरी तो चेहरा काही गेला नाही.

जुन्या ड्रायव्हर लोकांचा पोकर कामगार हॉलच्या तळघरात चालायचा. साथीच्या वर्षी हॉलला कुलूप लागलं आणि खेळ इंटरनेटवर गेला. नंतर कुलूप निघालं, पण निम्मे गडी तोवर लांब लांब तळ्याकाठी राहायला गेले होते, म्हणून खेळ तिथेच राहिला. वेळ आणि बाय-इन, म्हणजे डावात बसायचे पैसे, कोणी ठरवायचे हा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "बर्नी."

तिने ते काम बसच्या वेळापत्रकाइतक्याच गांभीर्याने अंगावर घेतलं. खुर्च्या चोवीस. दर रविवारी दुपारी दोनला पाच डॉलरचा डाव. दोन डॉलर ठेवून पाहिले, तर लोक पहिल्याच हाताला सगळ्या चिप्स ढकलून मोकळे होत. दहा केले, तर पेन्शनवर जगणारे चौघे गप्पकन गळाले. पाचावर माणूस विचार करून खेळतो आणि हरला तर झोप उडत नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र वीस डॉलरचा मोठा डाव. किमान बोली दर बारा मिनिटांनी वाढायची, म्हणजे साडेपाचच्या आत निकाल आणि सहाला जेवण. वेबसाइटवर एकदा हे भरून ठेवलं की पुढचं सगळं आपोआप चाले.

ऑर्व्हिल हाकोला हा त्या चोवीसांतला सगळ्यात संथ गडी. पूर्वी एक्केचाळीस नंबरची गाडी चालवायचा, आता बायकोसह दोन तासांवरच्या अटिकोकनला राहत होता. पत्ते टाकायचे की ठेवायचे यावर तो इतका वेळ घ्यायचा, की बाकीचे तेवढ्यात कॉफी करून यायचे. आणि तासाभरात हरायचा.

ऑक्टोबरपासून हा ऑर्व्हिल जिंकायला लागला. वीसच्या पाच डावांपैकी तीन त्याने मारले.

वॉली देलुकाचा फोन आला. वॉली म्हणजे जुन्या गॅरेजचा मेकॅनिक, जिभेला हाड नसलेला. "बर्नी, हा हाकोला काय खातोय आजकाल? मला पण दे थोडं."

"नशीब असतं एकेकाचं."

"नशीब पत्त्यांत असतं गं, वेगात नसतं. तीन सेकंदांत निर्णय घेतोय तो! ऑर्व्हिलला बुटाची नाडी बांधायला दहा मिनिटं लागायची."

बर्निसने फोन ठेवला, पण मनात पाल चुकचुकलीच. कोणी ऑर्व्हिलचं खातं विकत घेतलं असेल? की एखादा पट्टीचा खेळाडू म्हाताऱ्याच्या नावाखाली पेन्शनवाल्यांना लुटत होता? पुढच्या रविवारी खेळ सुरू असताना तिने गप्पांच्या चौकटीत सहज विचारल्यासारखं लिहिलं, "ऑर्व्हिल, तुझ्या गाडीत काय बिघडलेलं असायचं रे?"

क्षणात उत्तर आलं. "हीटर. सात हिवाळे. तू कधी दुरुस्त करवला नाहीस."

उत्तर बरोबर होतं. त्यामुळे तर तिचा संशय आणखी वाढला. जो कोणी होता, तो आतली माहिती ठेवून होता.

मार्चमध्ये दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी शहरातली घड्याळं एक तास पुढे गेली. अटिकोकन हे गाव मात्र वर्षभर घड्याळाला हात लावत नाही. त्यामुळे दरवर्षी त्या रविवारी ऑर्व्हिल नेमका तासभर उशिरा उगवायचा आणि वर बर्निसशीच भांडायचा. या वर्षी तो दोनच्या ठोक्याला हजर! बर्निस खुर्चीत ताठ बसली. हा माणूस अटिकोकनमध्ये नाहीच. तिने त्याच्या घरी फोन लावला. नंबर बंद झाला होता.

मग तिने सगळ्या मागच्या डावांच्या नोंदी काढल्या. चार दिवस ती तेच वाचत बसली, आणि तिला एक विचित्र गोष्ट सापडली. ऑक्टोबरपासून दर रविवारी पावणेचारला ऑर्व्हिल दहा मिनिटं खेळ सोडून जायचा. हातात राजांची जोडी असली तरी जायचा. पावणेचारला बाहेर, चारला पाच कमी असताना परत. कधी एका मिनिटाचाही फरक नाही.

ही वेळ तिच्या ओळखीची होती. तिची आई शेवटची दोन वर्षं शहरातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळून होती. तिथे पावणेचारला परिचारिका यायच्या, रुग्णांना कुशीवर वळवायच्या, औषध द्यायच्या, आणि नातेवाइकांनी तेवढा वेळ मदतीला उभं राहायचं.

पुढच्या रविवारी डाव आपोआप सुरू झाला आणि बर्निस गाडीत बसली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बेकरीतून पर्शियन नावाचे गुलाबी साखरेचे चार गोड पाव घेतले. शुश्रूषागृहाच्या दारातल्या मुलीला हाकोला नाव सांगितलं. मुलीने दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं.

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत ऑर्व्हिल होता. उजवा हात मांडीवर टाकून दिल्यासारखा. शेजारी त्याची बायको लेम्पी, एकोणऐंशी वर्षांची, जेवणाच्या ट्रेवर टॅब्लेट ठेवून बसली होती. तिने मान वर केली, बर्निसला पाहिलं, आणि आधी आपला हात खेळून घेतला.

"या. वाटच पाहत होते. इतके दिवस लागले तुम्हाला?"

"लेम्पी, तुम्ही खेळताय?"

"मग काय हा खेळतोय? सप्टेंबरात झटका आला. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. घर विकलं, मी इथे बहिणीकडे राहते."

"कळवायचं तरी होतंत."

"कळवलं असतं तर खुर्ची काढून घेतली असतीत. रविवार दुपार हीच काय ती राहिलीय याला. बाजूला बसून बघतो."

"आणि सांगतो काय टाकायचं ते?" बर्निसचा आवाज अजून चौकशीचाच होता.

"हा? याने जन्मात एक पत्ता वेळेवर टाकला नाही. चाळीस वर्षं मी मागे उभी राहून बघायचे आणि जीभ चावायचे."

ऑर्व्हिलचा अर्धा चेहरा हसला.

"हे नियमात बसत नाही," बर्निस म्हणाली. "दुसऱ्याच्या नावाने खेळणं म्हणजे फसवणूक."

"नियम कोणाचा? सुरुवातीलाच मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. मला वेगळी खुर्ची द्या म्हटलं. तुम्ही उत्तर दिलंत, एका घराला एकच खुर्ची, नवराबायको एकमेकांना पत्ते सांगतात. आम्हाला तुम्ही खेळायच्या आधीच चोर ठरवलंत, बर्निसबाई."

बर्निसला ते पत्र आठवत नव्हतं. उत्तर मात्र आपलंच आहे हे शब्दांवरून तिला पटलं. तेवढ्यात दार वाजलं आणि दोन परिचारिका आत आल्या. पावणेचार झाले होते. लेम्पी टॅब्लेट पालथा घालून उठली. तिने नवऱ्याच्या काखेत हात घातला, आणि दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं म्हणून बर्निसनेही घातला. तो फार हलका लागला.

घरी येऊन तिने सगळ्यांना सविस्तर लिहिलं, काही लपवलं नाही. आपल्या जुन्या उत्तराबद्दलही लिहिलं. त्याच संध्याकाळी लेम्पीने ऑक्टोबरपासूनची बक्षिसांची सगळी रक्कम परत पाठवली. सोबत एक ओळ: "मोजून घ्या, तुम्ही घेणारच."

वॉलीने लगेच फोन केला. "तू मिठाई घेऊन गेलीस आणि निकाल घेऊन आलीस. तुमचं आधीच ठरलं नव्हतं ना?"

"तूही माझ्यावर संशय घेतोस?"

"तुझ्याच हाताखाली शिकलो."

मतदान झालं. अकरा म्हणाले काढून टाका, बारा म्हणाले राहू द्या. ऑर्व्हिलचं नाव यादीतून गेलं आणि त्याच्या जागी लेम्पी हाकोला आली. एका घराला एक खुर्ची हा नियम बर्निसने स्वतःहून खोडला, आणि पावणेचारपासून दहा मिनिटं सगळ्यांनाच सुट्टी ठेवली. कारण विचारणाऱ्यांना तिने कॉफी असं सांगितलं.

स्वतःच्या नावाने खेळलेल्या पहिल्याच डावात लेम्पी अकराव्या हाताला बाहेर पडली. पाच मिनिटांत बर्निसचा फोन वाजला.

"मला वॉली आणि त्या केनोरा गावच्या माणसाच्या मधोमध कोणी बसवलं?"

"लेम्पी, जागा कॉम्प्युटर ठरवतो."

"असं?" लेम्पी म्हणाली. पलीकडे कुणीतरी एका बाजूने, घशातून हसल्यासारखा आवाज आला. "आणि त्या कॉम्प्युटरला कोण सांगतं?"