आखूड मुठींच्या पटाश्या

लुआ आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन डोंग हो गावात आलो. ती खोआतबाबांची सून, मी शेजारची. आमच्या घरी कागदाला शिंपल्यांच्या भुकटीचा लेप द्यायचं काम चाले. तो कागद वाळला की कुंपणावरून त्यांच्याकडे जायचा आणि त्यावर टेटच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणासाठी कोंबड्या, डुकरं, मासे छापले जायचे. लाकडी ठसे कोरायचे पुरुषांनी आणि छापायचे बायकांनी. हे कुणी ठरवलं, असं विचारायचं आमच्या कधी मनातही आलं नाही.

लुआचा नवरा तिएप बापाच्या हाताखाली तयार झालेला. अडुसष्ट साली तो युद्धाच्या आघाडीवर गेला. दक्षिणेतून एक पत्र आलं, त्यानंतर काहीच नाही. खिडकीपाशी त्याची कोरायला बसायची चटई होती, ती लुआची सासू रोज झाडून ठेवायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही.

खोआतबाबांची बोटं संधिवातानं आखडली होती. नवीन ठसा निघेना आणि जुने झिजत चालले. कोंबडीच्या चित्रातल्या रेघा जाड झाल्या, पिल्लांच्या डोळ्यांत शाई भरायला लागली.

"बाबा, पिल्लं आंधळी दिसायला लागलीत," लुआ म्हणाली.

"तिएप आला की कोरेल."

पाच वर्षं हेच उत्तर होतं.

एकदा मी कागद द्यायला गेले, तर लुआ डुकरांच्या गोठ्यामागे बसलेली. हातात दगडावर घासलेला चमचा, मांडीवर लाकडाची ढलपी.

"काय करतेस गं?"

"डोळे कोरतेय. बोलू नकोस कुठे."

मी बोलले नाही, पण आठवड्याभरात खोआतबाबाच तिथे येऊन उभे राहिले. त्यांनी ढलपी उचलली, उजेडात धरली. मग चमचा पाहिला.

"धार कुणी लावली याला?"

"मी."

"भोपळाही कापला जायचा नाही यानं. उद्यापासून दगडापाशी बस."

चार महिने तिला त्यांनी नुसती धार लावायला लावली. पाणी, दगड, पटाशी, परत पाणी. हाताची साल निघाली तरी ते म्हणायचे, "अजून बोथट आहे." मग थी झाडाच्या कठीण लाकडावर सरळ रेघा. मग वाकड्या. पण बसायची ती अंगणात, चटईवर नाही.

खरा प्रश्न हत्यारांचा आला. घरात चांगल्या पटाश्या होत्या त्या तिएपच्या, त्याच्या मोठ्या पंज्याच्या मापाच्या. लुआच्या हातात त्या डगमगायच्या. एका सकाळी खोआतबाबांनी त्या पटाश्यांचं गाठोडं सोडलं, करवत घेतली आणि एकेक मूठ दोन बोटांएवढी कमी करायला सुरुवात केली. करवतीचा आवाज ऐकून सासू चुलीपासून बाहेर आली.

"तो आला की कशानं काम करणार?"

खोआतबाबांनी मान वर केली नाही. "त्याला नव्या मुठी बसवून देईन."

"त्याची हत्यारं कापताय तुम्ही."

"हो," ते म्हणाले, आणि पुढची मूठ घेतली.

त्या दिवसापासून सासूनं लुआशी बोलणं टाकलं. ताटात भात वाढायची, पण नाव घ्यायची नाही. तळ्यावर कपडे धुताना लुआ मला म्हणाली, "सेन, मी पटाशी धरते तेव्हा मीच त्याला मेला म्हणतेय असं वाटतं. न धरावी तर घरातलं एकेक चित्र चाललंय. तू असतीस तर काय केलं असतंस?"

मी तिच्या बादलीतली चादर घेतली, दोघींनी मिळून पिळली.

कोंबडीचा नवा ठसा ती पाच महिने कोरत होती. नऊ पिल्लं झाली. दहाव्याची चोच कोरताना पटाशी घसरली आणि चोच तुटून उडाली. लुआ ठशावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मी तिथेच होते.

खोआतबाबांनी ठसा ओढून घेतला. "भोक पाड, खुंटी ठोक, त्याच्यावर चोच कोर. एवढं तोंड पाडायचं कारण नाही. माझ्या प्रत्येक ठशात खुंट्या आहेत. तिएप तर फार खुंट्या मारायचा. घाई असायची त्याला."

'मारतो' नव्हे, 'मारायचा'. हा शब्द आम्ही तिघांनीही ऐकला. दारात उभ्या सासूनंही ऐकला. ती आत गेली. खोआतबाबा बराच वेळ खुंटीसाठी लाकडाचा तुकडा शोधत राहिले, तुकडा त्यांच्या समोरच पडला होता.

तो ठसा छापला त्या दिवशी आधी रंग उमटवले, शेवटी काळी रेघ. लुआनं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीनं कागदाची पाठ घासली आणि तो सोलून उचलला. दहाही पिल्लांचे डोळे उघडे होते. खोआतबाबा म्हणाले, "कोंबडीचा पाय जाड झालाय."

मृत्यूचा कागद आला सत्त्याहत्तर साली. तिएपला जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि आम्हाला त्या दिवशी कळलं. घरातल्या पूर्वजांच्या वेदीवर फोटो ठेवला, उदबत्त्या लावल्या, गाव येऊन गेलं. चौदाव्या दिवशी सासू लुआपुढे येऊन बसली.

"त्यानं कोरलेल्यातला सगळ्यात झिजलेला कुठला?"

"माशाचा, आई."

"तो आधी कोर." मग खिडकीकडे हात करून ती म्हणाली, "आणि तिथे चटईवर बस. अंगणातल्या उन्हानं डोळे जातील."

लुआनं पुढे एकतीस ठसे कोरले. दोन स्थळं आली होती, तिनं दोन्ही नाकारली. सासऱ्यांच्या मागे ती गल्लीतल्या बायकांना शिकवू लागली. मीही बेचाळिसाव्या वर्षी तिच्यापुढे दगड घेऊन बसले. शिकवताना तिची जीभ सासऱ्यांपेक्षा तिखट. "सेन, हे डुक्कर आहे की उशी?" असं चारचौघींत विचारायची. माझा हात शेवटपर्यंत बेताचाच राहिला, पण माझी सून तिच्याकडून नीट शिकली. परवा तिनं म्हशीचा ठसा पुरा केला. लुआ असती तर त्यात निदान तीन चुका काढल्या असत्या. ती गेली त्याला येत्या सहाव्या महिन्यात दोन वर्षं होतील.