पट्टी न लावलेली बाटली

"चपला काढ आणि काट्यावर उभी राहा," डॉक्टर म्हणाले.

आयनं चपला काढल्या आणि काट्यावर चढली. गिरगावातला दवाखाना, संध्याकाळची वेळ, बाकावर सातआठ माणसं. डॉक्टरांनी काट्याचं वजन सरकवलं, अजून सरकवलं, आणि मोठ्यानं वाचलं, "एकशे बहात्तर पौंड." मग बाकाकडे बघत म्हणाले, "गिरणीत सूत गुंडाळते की कापूस खाते, कळत नाही."

बाकावरचे हसले. एका म्हाताऱ्यानं तर गुडघ्यावर थाप मारली.

मीही हसले.

आता खोटं कशाला बोलू? औषधाच्या खिडकीत उभी होते, पांढरा डगला घालून. नुसतं ओठांत हसले असते तर आज काही सबब तरी असती. दात दिसले माझे. आयनं ते काट्यावरून पाहिले.

"तुमच्याकडचीच ना ग ही? परळची? तुझं नाव सांगत होती," डॉक्टरांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं. "शेजारची आहे. आमच्या चाळीतली."

काट्यावर माझी आई उभी होती. जिनं मला मॅट्रिक केलं, ती. ती खाली उतरली, चपला घातल्या आणि माझ्या खिडकीशी आली. पदराखालून रिकामी बाटली काढून पुढे केली. घरी मला ती "ए पोरी" म्हणायची, रागावली की "ए भवाने". त्या दिवशी म्हणाली, "बाई, औषध देता का?"

बाई. अहो-जाहो. मी सांगितलेलं खोटं तिनं लगेच स्वतःच्या अंगावर घेतलं आणि नीट निभावून नेलं. मला अजून तो आवाज ऐकू येतो.

त्या काळी पेशंट आपली बाटली आपण आणायचा. मी त्यात मिक्श्चर भरायचे. मग कागदाची पांढरी पट्टी घ्यायची, दुमडायची, जितके डोस तितक्या खाचा कात्रीनं पाडायच्या आणि डिंक लावून ती बाटलीला उभी चिकटवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. वाचता न येणारी माणसंही खाचा बघून बरोबर तेवढंच प्यायची. माझ्या पट्ट्या सरळ असायच्या. डॉक्टर कौतुक करायचे.

आयच्या बाटलीला मी पट्टी लावली नाही. मला ती तिथून लवकर जायला हवी होती. आमची दोघींची नाकं सारखी. बाकावरचं कुणीतरी दोघींकडे निरखून बघेल, अशी भीती होती. बाटली भरली, बूच ठोकलं, ढकलली. "दिवसातून तीनदा," एवढंच म्हटलं. किती घ्यायचं ते सांगितलं नाही. मिक्श्चर ब्रोमाइडचं होतं. त्यानं माणसाला गुंगी येते, हे मला माहीत होतं. तेही सांगितलं नाही.

आय गिरणीत रिळिंग खात्यात होती. रिळावर सूत चढवायचं, लडी करायच्या, दिवसभर. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असेल, नक्की कुणाला ठाऊक. वर्षापूर्वी तिची पाळी थांबली. आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून घरात विटाळ हा शब्द आयनं बंद केला होता. ती म्हणायची, "माझं बंद झालं." आणि मग तिचं अंग बिघडायला लागलं. बसल्या जागी आतून वाफ निघायची, मान-छाती घामानं भिजायची, दोन मिनिटांत पुन्हा गार. उगाच रडायला यायचं. आणि अंग सुटत चाललं. खायची एक भाकरी, तीही धड नाही, तरी पोट वाढतच होतं. दोन चोळ्यांना बगलेखाली दुसऱ्याच कापडाचे तुकडे जोडले होते.

खात्यातली नायकीण, म्हणजे बायांवरची मुकादमीण, तिला सगळ्यांसमोर म्हणायची, "सोनाबाई, तुला बसवायला दोन बाया उठवाव्या लागतील." आयच्या लडी कमी भरायला लागल्या होत्या. गिरण्यांना तेव्हा बाया नकोच होत्या, कमी करायला निमित्त शोधत होते. आयचं नाव काठावर आलं होतं. बाबा आधीच गेलेले, धाकटा भाऊ शाळेत. तिला बरं व्हायचं होतं ते हजेरीपटावर नाव राहावं म्हणून. म्हणून ती ट्रामनं परळहून गिरगावला आली. लेक दवाखान्यात आहे ना, लेक बघेल.

आणि लेकीला सगळं माहीत होतं. हे सांगायला सगळ्यात जड जातंय.

दवाखान्यात एक वहिनी यायच्या, वकिलांच्या बायको. आयच्याच वयाच्या. तक्रार तीच. वाफा, घाम, रडू, वजन. त्यांना डॉक्टर पडद्यामागे न्यायचे. त्यांच्यासाठी काटासुद्धा पडद्यामागे ओढायचे, तो लोखंडी काटा फरशीवर कर्रर्र वाजायचा. आकडा हळू सांगायचे, तो मी कागदावर लिहायचे. एकशे अडुसष्ट. आयपेक्षा चार पौंड कमी, एवढाच काय तो फरक. डॉक्टर म्हणायचे, "वहिनी, पाळी जायच्या वयात शरीरातलं हार्मोन कमी होतं. त्यानं वाफा येतात, वजनही चढतं. यात तुमचा काही दोष नाही." मग हार्मोनचं विलायती इंजेक्शन. सुई मी उकळायची, काचेची कुपी मी फोडायची.

दोष नाही. हे शब्द मी सहा महिने पडद्याशी उभी राहून ऐकत होते. घरी आय रडत बसली तर एकदा तरी येऊन सांगितलं का, की आय, यात तुझा दोष नाही? नाही सांगितलं. मलाही आतून वाटत होतं की वहिनींचं ते दुखणं आणि आयचा तो आळस. पांढरा डगला घालून मी हेच शिकले होते.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा आय चुलीशी होती. मान न वळवता म्हणाली, "शेजारीण आली काय? बसा. च्या टाकते."

मी हसून घालवायला बघितलं. ती हसली नाही. नंतर तिनं फडताळातून बाटली काढली, तोंडाला लावली आणि दोन मोठे घोट घेतले. मी बघत होते. किती घेतेस, एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण विचारायला मान वर करायला हवी होती. मी कपडे बदलायला मोरीत गेले.

तिसऱ्या दिवशी आय भरदुपारी घरी आली. रिळासमोर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. कपाळ दांड्यावर आपटलं, सूत तुटत गेलं, नायकिणीनं वरच्या माणसाला बोलावून आणलं. कामावर झोपते म्हणून नाव काढलं. एकवीस वर्षं त्या खात्यात होती. कपाळावर टेंगूळ घेऊन ती खाटेवर बसली होती, डोळे जड, बोलणं जड. कोपऱ्यात बाटली रिकामी. आठवड्याचं औषध तीन दिवसांत संपलं होतं.

"एवढं कसं प्यालीस ग आय?"

"तू पट्टी लावली न्हाईस," ती म्हणाली. "मला वाटलं मापाचं न्हाई, लागंल तसं घ्यायचं. पोरीच्या हातचं हाय. लवकर गुण येईल म्हून जरा जादाच घेतलं."

मग मी सांगितलं. त्यात गुंगीचं औषध होतं. गिरणीतल्या बायांना डॉक्टर तेच देतात, काहीही दुखलं तरी.

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

"भरताना ठावं व्हतं?"

"हो."

तिनं शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी सुटले असते. तिनं बाटली उचलून उलटी धरली, शेवटचा थेंब जमिनीवर पडू दिला आणि बाटली बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. त्यानंतर अकरा वर्षं ती जगली. माझ्या हातचं औषध तिनं पुन्हा कधी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या टेबलावर रविवारच्या सभेची पत्रकं होती, नुकतीच छापून आलेली. संयुक्त महाराष्ट्राची सभा, अध्यक्ष आमचे डॉक्टर. गिरणीतल्या श्रमिक भगिनींनी मोठ्या संख्येनं यावं, असं ठळक छापलं होतं. आय असल्या सभांना जायची. मागच्या मोर्च्यात अश्रुधुरानं डोळे सुजवून घरी आली होती, तरी खुशीत होती. मुंबई आपली, म्हणत होती.

बाकावर माणसं होती. वहिनीही होत्या, सुई घ्यायला आलेल्या, पडद्यामागे बसलेल्या.

"डॉक्टर, मला एक चिठ्ठी द्या," मी म्हटलं. "त्या दिवशीची ती काट्यावरची बाई. तिला कामावर झोप लागली. ती आपल्या औषधानं लागली असं लिहून द्या. म्हणजे गिरणी परत घेईल."

"माझ्या औषधानं?" ते हसले. "अगं, असं लिहून दिलं तर उद्या अख्खी गिरणी दारात उभी राहील. जास्त ढोसलं असेल तिनं."

"आणि वहिनींना देता ते इंजेक्शन तिलाही द्या. दुखणं तेच आहे."

आता ते हसले नाहीत. पडद्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "ते नाजूक प्रकृतीच्या बायकांसाठी असतं. ह्या राबणाऱ्या बाया, ह्यांना कसलं आलंय हार्मोन? तिला म्हणावं कमी खा. आणि तू शेजारणीची एवढी वकिली का करतेस?"

"शेजारीण नाही. ती माझी आई आहे."

बाकावरची सगळी माझ्याकडे वळली. त्या दिवशी गुडघ्यावर थाप मारणारा म्हातारा आपल्या चपलांकडे बघायला लागला. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, मग पुन्हा नेहमीसारखा. ते हुशार होते. म्हणाले, "बाटलीवर पट्टी लावली होतीस?"

"नाही."

"मग चूक कुणाची?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते खरं होतं. "माझी," मी म्हटलं. "आणि तुमची. माझी मी लिहून देते. तुमची तुम्ही लिहा."

"मी काही लिहिणार नाही. आणि माझ्या कागदावर तूही लिहायचं नाहीस."

मी टेबलावरचं एक पत्रक उचललं, उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूला लिहिलं. सोनाबाईंना या दवाखान्यातून गुंगीचं औषध मिळालं. त्यावर डोसाची पट्टी लावली नव्हती. ती लावायचं काम माझं होतं. म्हणून त्यांना कामावर झोप लागली. त्यांचा दोष नाही. खाली सही, सहीखाली कंपाउंडर, आणि त्याखाली, मी त्यांची मुलगी. लिहिलेलं बाकासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. सहीसकट वाचलं. डगला काढला, खिडकीवर टाकला आणि पायऱ्या उतरले. वहिनींनी मला हाक मारली असं वाटलं. मी थांबले नाही.

गिरणीच्या हापिसातल्या कारकुनानं कागद दोन्ही बाजूंनी बघितला. "डॉक्टरचा शिक्का कुठाय?" म्हणाला आणि परत दिला. आयचं नाव पुन्हा हजेरीपटावर चढलं नाही. ती भोईवाड्यात भाजीची पाटी घेऊन बसली. वाफा पुढची चारपाच वर्षं येतच होत्या. उन्हात बसल्या जागी भिजायची आणि पालेभाजीवर मारायच्या पाण्याचा हबका आधी स्वतःच्या मानेवर मारायची.

तो कागद मी तिला वाचून दाखवला होता. तिनं पूर्ण ऐकला. म्हणाली, "त्या दिशी तिथं म्हनली असतीस तर कागुद लागला नसता."

पुढे मला कळलं की ती सुई काही रामबाण नव्हती. वहिनींच्या वाफा कमी झाल्या होत्या, वजन तसंच राहिलं होतं, आणि त्या औषधाचेही आपले धोके असतात. आयला सुई मिळाली असती तर ती बारीक झाली असती असं मी आता म्हणत नाही. पण दोष नाही, एवढे दोन शब्द तिला मिळायला हवे होते. ते माझ्याकडे होते आणि मी ते दाबून ठेवले.

मी आजही कंपाउंडर आहे, परळातल्या एका लहान दवाखान्यात. पहिल्या दिवशीच काटा ओढून पडद्यामागे नेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, का? मी म्हटलं, तो तिथेच राहील, नाहीतर मी राहणार नाही. कुठलीही बाई येवो, गिरणीतली, झाडूवाली, माडीच्या घरातली. तिचा आकडा तिलाच सांगते. अंग का सुटतंय ते सांगते. बाटलीत काय आहे, त्यानं काय होईल, हे तिच्या तोंडून परत वदवून घेतल्याशिवाय बाटली सोडत नाही. बायका कंटाळतात, म्हणतात, "किती बोलता हो." कंटाळू देत.

मला माफी नको आहे. आयनं दिली नाही, बरं केलं. मी हसले होते, हे मी सांगत राहणार, नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येक पोरीला, डगला चढवायच्या आधी. आणि माझ्यासमोर कुणा बाईच्या अंगाला कुणी हसला, मग तो डॉक्टर असो की पुढारी, तर त्याला मी भर दवाखान्यात विचारणार, की ही तुझी कोण लागते? त्यानं उत्तर दिल्याशिवाय मी औषधाची खिडकी उघडणार नाही.