उजवा कोपर खाली

आमच्या रसीन गावात व्हायोलिन शिकायचं म्हटलं की लोक एकच नाव सांगतात, मिसेस क्रिस्टेनसन. मुलांसाठी ती मिस डॅग्नी. सव्वीस वर्षं झाली, तिच्या पुढच्या खोलीत रोज दुपारी तीनपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत कोणी ना कोणी तारांवर करवत चालवत असतं. शेजारच्या म्हाताऱ्या हॅन्सनने तर ऐकू येण्याचं यंत्र घ्यायला साफ नकार दिला. म्हणाला, देवाने दिलंय ते बरं आहे.

पण डॅग्नी फक्त शिकवते असं कोणी म्हटलं की तिला झोंबतं. ती वाजवते. गावच्या छोट्या ऑर्केस्ट्रात वाजवते, केनोशाच्या ऑर्केस्ट्रात वाजवते, रॉकफर्डला नाटकाच्या वाद्यवृंदात माणूस कमी पडला की तिथे जाऊन वाजवते. लग्नं आहेत, ल्यूथरन चर्चमधले अंत्यविधी आहेत. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर काळा लांब झगा कायम टांगलेला असतो. शेवटच्या मुलाची आई निरोप घेताना दारात रेंगाळली की डॅग्नीचं लक्ष घड्याळाकडे. मग सिग्नलला थांबून हॅमचं सँडविच खायचं, पेट्रोल पंपाच्या संडासात झगा चढवायचा आणि धापा टाकत आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचं. शेजारचा वादक विचारतो, ‘‘सराव झाला का?’’ डॅग्नी म्हणते, ‘‘हो तर.’’ कधी होणार होता सराव? सकाळी सहा वाजता तळघरात, कपड्यांच्या मशीनशेजारी, आवाज दबावा म्हणून तारांवर रबराची चिमटी लावून, म्हणजे वर रॉल्फची झोपमोड नको. रॉल्फ तिचा नवरा, काउंटीसाठी रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवतो. हिवाळ्यात तो घरी येतो तेव्हा ती उठलेली असते.

‘‘डॅग, एक काहीतरी सोड,’’ तो दरवर्षी जानेवारीत म्हणायचा.

‘‘कुठलं सोडू? शिकवणं सोडलं तर खायचं काय, आणि वाजवणं सोडलं तर शिकवायचं काय?’’

रॉल्फ बूट काढून कॉफी ओतून घ्यायचा.

तर गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. उत्तरेकडच्या मोठ्या शहरातल्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली. पक्की नोकरी. वर्षभराचं काम, दवाखान्याचा विमा, आणि मुख्य म्हणजे दिवसभर दुसरं काही करायचं नाही, फक्त वाजवायचं. डॅग्नी एक्कावन्न वर्षांची. याआधी तिने अशा सहा ऑडिशन दिल्या होत्या आणि सहाही वेळा पहिल्याच फेरीत घरी परतली होती. ही सातवी. तिने रॉल्फला सांगून टाकलं, ‘‘ही झाली नाही तर बस. पुन्हा नाव काढणार नाही. झाली तर सगळ्या पोरांना दुसरीकडे पाठवणार, आणि ती पुढची खोली नुसती बंद ठेवणार. एक वर्षभर त्या खोलीत मला कोणी नको.’’

रॉल्फ म्हणाला, ‘‘मी तिथे मासे धरायचं सामान ठेवू का?’’

‘‘ठेव बाबा.’’

चार महिने तिने स्वतःला पिळून काढलं. उजवा खांदा रात्रंदिवस ठणकायचा. एकदा बेकरीवाल्या लार्सनची दहा वर्षांची बिरगिट धडा वाजवत असताना डॅग्नी उभ्या उभ्या पेंगली. बिरगिट थांबली तशी ही दचकून म्हणाली, ‘‘छान. उजवा कोपर खाली. पुन्हा, ओळीच्या सुरुवातीपासून.’’ मुलीने हसू दाबलं. हे वाक्य डॅग्नी झोपेतसुद्धा म्हणते, असं रॉल्फ सगळ्यांना सांगतो, आणि ते खोटं नाही. प्रत्येक पोराला दहा वेळा, अशी चौतीस पोरं.

ऑडिशनची पद्धत अशी असते. परीक्षक नऊ जण, ऑर्केस्ट्रातलेच वादक, सभागृहात बसतात. त्यांच्यात आणि उमेदवारात पडदा. उमेदवाराला नाव नाही, फक्त आकडा. बाई आहे का पुरुष, काळा आहे का गोरा, काही कळू नये म्हणून. टाचांचा आवाज होऊ नये म्हणून बाया बूट काढून मोज्यांवर जातात. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काही विचारायचं असेल तर शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या कानात सांगायचं, मग ती मोठ्याने विचारणार. डॅग्नीला हे सगळं पाठ होतं. आपल्या कित्येक मुलांना तिनेच हे समजावून पाठवलं होतं.

पहिली फेरी झाली. डॅग्नी, म्हणजे सतरा नंबर, राहिली. दुसरी फेरी झाली. राहिली. तिने जिन्याखालून रॉल्फला फोन केला आणि तिला धड बोलताच येईना. शेवटच्या फेरीत तिघे उरले. इथेही पडदा होताच.

तिला बोलावलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सकाळपासून अर्धं केळं पोटात. तिच्यासोबत असलेली बाई पन्नाशीची, गळ्यात चष्मा लटकवलेली. ती हळूच म्हणाली, ‘‘घोटभर पाणी घ्या हो.’’ डॅग्नी पाणी प्यायली, मोज्यांवर चालत गालिच्यावरून आत गेली आणि पडद्यासमोर उभी राहिली.

पहिला तुकडा छान गेला. दुसरा त्याहून छान. तिसरा तुकडा संथ होता, लांबलचक, एकेका सुरावर बो, म्हणजे गज, पार टोकापर्यंत न्यायचा. तो वाजवता वाजवता तिच्या अंगातला ताण कुठेतरी सुटला आणि त्या जागी सव्वीस वर्षांचा शीण येऊन बसला. सूर चांगले येत होते. तिला आपली पुढची खोली दिसायला लागली, ते हिरवं जाजम, खिडकीतला उजेड. शेवटून चौथ्या ओळीत तिचा एक सूर किंचित खरखरला. अगदी केसभर. ती थांबली आणि शांतपणे, स्वच्छ, सभागृहभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘उजवा कोपर खाली. पुन्हा, ओळीच्या सुरुवातीपासून.’’

आणि तिने ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला घेतली.

दोन सूर वाजले असतील नसतील, तेव्हा तिला उमगलं. बो तारेवरच राहिला. चष्मेवाल्या बाईने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. पडद्यापलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली. मग बराच वेळ नुसती कुजबुज. डॅग्नीला वाटलं, आता इथून सरळ चालत जावं, बूटसुद्धा न घालता, आणि तलावावरच्या बर्फात जाऊन उभं राहावं.

पलीकडून एक घोगरा आवाज आला. ‘‘सतरा नंबरने पुढे वाजवावं.’’

तिने वाजवलं. राहिलेले दोन तुकडे कसे वाजले ते तिला आजही सांगता येत नाही.

निकाल चष्मेवाल्या बाईनेच आणला. बाहेरच्या बाकावर डॅग्नीशेजारी बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘‘बाई, तुमच्या बोलण्यामुळे तुम्हाला काढलं नाही बरं का. असं होतं म्हणाले, माणूस आहे. पण परीक्षकांपैकी एकाने उठून सांगितलं की हा आवाज मी ओळखतो, मला आता मत देता येणार नाही. नियमच आहे तसा. मग आठच मतं राहिली. त्यातली पाच तुमच्या बाजूने.’’

‘‘आणि लागत होती किती?’’

‘‘सहा.’’

डॅग्नीने बूट घातले. नाड्या बांधायला तिला फार वेळ लागला. खुर्ची मिल्वॉकीच्या एका पंचविशीतल्या मुलाला मिळाली. तो जिन्यावर उभा राहून आईशी फोनवर बोलत रडत होता. डॅग्नीने जाता जाता त्याचं अभिनंदन केलं, आणि ते खरंच मनापासून केलं, याचा तिला स्वतःलाच राग आला.

गाडीतळावर पोचते तोच मागून कोणी पळत आलं. ‘‘मिस डॅग्नी! मिस डॅग्नी, थांबा!’’

टोबी राऊश. सात वर्षांचा असताना तिच्याकडे आलेला, अठराव्या वर्षी कॉलेजला गेलेला. तो या ऑर्केस्ट्रात आहे हे तिला ठाऊक होतं, परीक्षकांत आहे हे नव्हतं. अंगात कोटसुद्धा न घालता आला होता. कान लालभडक झालेले.

‘‘मीच होतो,’’ तो म्हणाला. ‘‘उठून सांगणारा.’’

‘‘कळलं मला. दुसरं कोण असणार?’’

‘‘मी न बोलता बसून राहिलो असतो तर...’’

‘‘तर मी तुझा कान पिळला असता. बरोबर केलंस.’’ ती किल्ली शोधत होती. कोटाच्या एका खिशातून दुसऱ्यात, मग पहिल्यात. शेवटी तिला राहवलं नाही. ‘‘टोबी, एक विचारू? मत दिलं असतंस तर काय दिलं असतंस?’’

तो बर्फावर टाकलेलं मीठ बुटाच्या टोकाने उकरत राहिला.

‘‘गोड गोड बोलू नकोस. अकरा वर्षं तुझ्याशी मी गोड बोलले नाही.’’

‘‘नाही म्हटलं असतं,’’ तो म्हणाला.

तिने मान हलवली. ‘‘का?’’

‘‘सूर उत्तम होते. तिघांत तुमचे सूर सगळ्यांत चांगले, हे मी आधीच कागदावर लिहिलं होतं. पण त्या संथ तुकड्यात तुम्ही थांबत होतात. प्रत्येक वळणावर, जरासंच. कोणीतरी मागे राहिलंय आणि तुम्ही त्याची वाट बघताय, असं.’’ मग अडखळत म्हणाला, ‘‘कोण वाजवतंय ते तेव्हा मला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा लक्षात आलं. तुम्ही आमच्याबरोबर वाजवायच्या ना नेहमी. आम्ही मागे पडायचो आणि तुम्ही आमच्यासाठी थांबायच्या.’’

डॅग्नीला एकदम बसावंसं वाटलं. दुखणारा खांदा तिने तेलाने चोळला होता, बोटांचे घट्टे तिने बोला लावायच्या राळीसारखे जपले होते, पण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला ऐकूही आलं नव्हतं. याने मात्र पडद्यापलीकडे बसून बरोब्बर ऐकलं. असा कान दहा वर्षांत एखाद्या मुलाचा तयार होतो, आणि तो तिनेच तयार केला होता. तिला अभिमान वाटला, आणि त्याच वेळी या मुलाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

‘‘कान चांगला झालाय तुझा,’’ ती एवढंच म्हणाली. किल्ली सापडली होती.

टोबीला बहुतेक ते शब्द माफीसारखे वाटले. त्याचा चेहरा सैल झाला. ‘‘मिस डॅग्नी, आता ही वेळ नाही, पण पुन्हा भेट कधी होणार? माझी नोरा सहा वर्षांची झाली. तिला व्हायोलिन हवंय. तुम्ही घ्याल ना तिला? तेवढ्यासाठी मी रसीनपर्यंत गाडी हाकीन. दुसऱ्या कोणाकडे नाही पाठवायची मला.’’

‘‘नाही.’’

तो हसला, चेष्टा आहे असं समजून. मग हसू थांबलं.

‘‘आत्ताच तू सांगितलंस ना,’’ डॅग्नी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग करायला अंगात काही उरलेलंच नव्हतं. ‘‘चौतीस जणांसाठी थांबतेय मी. आणखी एकीसाठी थांबणं आता होणार नाही माझ्याच्याने. तू शिकव की तिला. तुला काय कमी आहे? माझ्याहून चांगलं शिकवशील.’’

‘‘मी?’’ टोबीला खरंच आश्चर्य वाटलं. ‘‘मला कसं जमणार, मिस डॅग्नी? मला वाजवायचं असतं.’’

बोलून गेल्यावर त्याला कळलं. तोंड उघडंच राहिलं त्याचं.

डॅग्नी त्याच्याकडे बघत होती. सात वर्षांचा होता तेव्हाही त्याचं असंच व्हायचं, चूक झाली की तोंड उघडं. तेव्हा ती त्याच्या हनुवटीला बोट लावून ते बंद करायची. आज तिने हात पुढे केला नाही.

‘‘मलाही वाजवायचं होतं, टोबी,’’ ती म्हणाली.

तिने व्हायोलिन मागच्या सीटवर ठेवलं, झग्याखाली, आणि दार लावून घेतलं. चार वाजताची मुलगी यायला पन्नास मिनिटं उरली होती आणि रस्ता सगळा निसरडा होता.