हातावर सोडलेलं मौन

उपासाच्या दिवशी दुपारी निजायचं नसतं. म्हणून मी निजत नाही, नुसती पाठ टेकते. गुरुवार आहे, दत्ताचा उपास. तुळशीला पाणी, अथर्वशीर्ष, एक माळ जप सकाळीच झाला, फराळ झाला, ओटा पुसून झाला. शेजारी चटईवर शरू निजली आहे. तिचा उजवा हात नेहमीसारखा मनगटात वळून छातीशी आलेला. मी डोळे मिटत नाही, जरा हलके करते इतकंच. पंखा घरघरतो आहे. ओठांत नाम चालू आहे. मधेच एक नाम कुठेतरी निसटतं, आणि पंख्याची घरघर एसटीच्या इंजिनाची होऊन जाते.

स्वयंपाकघराच्या दारात एसटी उभी आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. मी पदर खोचून पायरी चढते. आत एकही माणूस नाही, पण प्रत्येक सीटवर एकेक रुमाल टाकलेला. पांढरे, चौकड्यांचे, कुणाचा नुसता घडी घातलेला पंचा.

“बाई, उभ्या राहा,” कंडक्टर म्हणतो. “जागा धरलेल्या आहेत.”

“कुणी धरल्यात?”

“वरून धरल्यात. माणसं यायचीत अजून.”

“कधी येतील?”

“ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त घंटी.” आणि तो ती मारतो.

तेवढ्यात मागून ओळखीचं हसू ऐकू येतं. मोठं, अगदी पोटातून आलेलं. शेवटच्या खिडकीशी टिपणीस मॅडम बसल्या आहेत. तीच आंब्याच्या मोहरासारखी फिकी साडी, मांडीवर तीच फुगलेली कापडी पिशवी. पिशवीतून मोराचं पीस डोकावतंय. मॅडम शेंगा सोलतायत आणि टरफलं रुमालात गोळा करतायत.

“ये गं प्रणिता. आज कुठला देव?”

“दत्त, मॅडम. गुरुवार ना.”

“सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. तुझे देव रजा घेत नाहीत का गं कधी? रविवारी तरी जेवतेस ना?”

दर गुरुवारी हे त्या असंच म्हणायच्या. आणि दर गुरुवारी मी नेलेला राजगिऱ्याचा लाडू एका घासात संपवून वर म्हणायच्या, “उपास तुझा, पुण्य माझ्या पोटात.” माझ्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांच्या फोटोला हार घातलेला मी पाहिला आहे. फाल्गुनात गेल्या. रात्री झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

“मॅडम, तुम्ही तर...”

“गेले, हो. म्हणून काय गुरुवार चुकवायचा?”

त्या शेंगांचे दाणे माझ्यापुढे करतात. उपासाला चालतात. मी घेते. दाणे गार आहेत.

बस कुठेच वळत नाही, तरी खिडकीचे गज शाळेच्या खोलीचे होतात. हीच ती खोली, व्हरांड्याच्या टोकाची. फाटका नकाशा, कोपऱ्यात लेझीमांचा ढीग. दर गुरुवारी आम्ही आया मुलांना कडेवर, पाठीवर, चाकाच्या खुर्चीत घालून इथे यायचो. मुलांना बोलायला शिकवायच्या, म्हणून गावात सगळे मॅडमना स्पीचवाल्या बाई म्हणत. जिल्ह्याच्या गावी त्यांची नोकरी झाली, तिथून निवृत्त झाल्या, तरी येत राहिल्या, कारण त्यांच्या जागी दुसरं कुणी मिळालंच नाही. पहिल्या एसटीने यायच्या, शेवटच्या एसटीने जायच्या. मधला सगळा वेळ ही खोली नुसती दणाणत असायची. कुणी शिट्टी फुंकतंय, कुणी मेणबत्ती विझवतंय, कुणी साबणाचे फुगे उडवतंय, कुणी ओठ मिटून, गाल फुगवून ‘पा’ म्हणायला बघतंय. कुणाच्या वरच्या ओठाला मध लावलेला, तो चाटायला जीभ वर जायला हवी म्हणून. आणि आम्ही आया बाकावर बसून भाजी निवडत गप्पा मारायचो. एवढा गलका की शेजारच्या वर्गातले सर भिंतीवर डस्टर आपटायचे.

आज बाकावर आया बसल्या आहेत आणि आवाज नाही. रांग दारातून बाहेर गेली आहे, व्हरांडा उतरून, मैदान ओलांडून खाडीच्या उतारावर. तिथेही संपत नाही. शेवटच्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत. मुलं कडेवर. भरती चढते आहे आणि कुणी जागा सोडत नाही.

“अगं, इतक्या गप्प का सगळ्या?” मॅडम दचकून विचारतात. “कोण गेलं?”

“तुम्हीच, मॅडम.”

“अस्सं.” त्या जरा वेळ पिशवीतलं पीस नीट करत बसतात. मग विचारतात, “माझ्या जागी कोण येतं?”

“कुणी नाही. एक मुलगी आली होती, पुण्याकडची. गोड होती. दोनदा आली. मग तिला तिकडेच काम मिळालं. जिल्ह्याच्या गावी नंबर लावलाय, तो दिवाळीनंतरचा. फोनवर बघून शिकवतात म्हणे, पण आपल्याकडे रेंज कुठली? माणूस बोलायला तोंड उघडतो आणि तसाच थिजतो. शरू घाबरते.”

“आणि शरू?”

हेच त्यांनी विचारू नये असं मला वाटत असतं.

शरू म्हणजे शर्वाणी, माझी मुलगी. जन्मताना रडायला उशीर झाला, तेव्हापासून हात, पाय आणि जीभ तिचं ऐकत नाहीत. कळतं सगळं. तिचं मला कळतं. तहान लागली की ती कशी बघते, खाज कुठे सुटली, झोप आली, राग आला, सगळं मी ओळखायचे आणि तिने काही करायच्या आत पुरवायचे. मॅडमनी मला पहिल्याच महिन्यात झापलं होतं. “तू इतकी शहाणी झालीस तर ती मागेल कशाला? घास हातात धर. तिच्या डोळ्यांपुढे. आणि थांब. जेवण म्हणजे तिची शाळा आहे, दिवसातून तीनदा भरते. मी आठवड्यातून एकदा येते, माझं काय घेऊन बसलीस!” मग मी थांबायला शिकले. घास धरून, “काय देऊ गं? भात देऊ?” असं बोलत बोलत थांबायचं. कितीदा तर मलाच रडू यायचं. आणि एक दिवस, वरणभाताच्या घासावर, शरू म्हणाली होती, “दे.” स्पष्ट. मी शेजारणीला हाक मारून बोलावलं होतं. त्या गुरुवारी मॅडमनी सगळ्या आयांना स्वतःच्या पैशाने भजी खायला घातली. मी उपासाची म्हणून मला केळं.

“तिचं ‘दे’ गेलं, मॅडम,” मी सांगते.

“कधी?”

“आषाढी झाली त्यानंतर. आधी कमी झालं. मग गेलंच.”

“त्याआधी होतं? मी गेल्यावरही?”

“होतं. वैशाखातसुद्धा होतं.”

मॅडम कपाळाला आठ्या घालतात. मूल अडलं की अशाच घालायच्या. “मग आषाढीला काय झालं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडते, पण आम्ही माझ्या स्वयंपाकघरात आहोत. खाडीचं पाणी ओट्याखाली चमकतंय. पाट मांडलेत, ताटं वाढलीत. शरू माझ्या मांडीला टेकून बसली आहे. माझ्या हातात भाताचा घास आहे, आणि घास हातात असताना मला बोलता येत नाही.

“काय झालं आषाढीला?” मॅडम पुन्हा विचारतात.

मी मान हलवते. बोट ओठांवर ठेवते. देवघराकडे दाखवते.

“हे काय? तू माझी पेशंट कधी झालीस?” मॅडम हसतात. ताकाचा पेला उचलून माझ्यापुढे धरतात, अगदी मुलांपुढे धरायच्या तसा. “हवंय? माग. म्हण, ताक.”

मी ओठ घट्ट मिटते. मला हसूही येतं आणि भीतीही वाटते. चातुर्मासाचा नेम आहे माझा. पहिला घास उचलल्यापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. कार्तिकात देवळाला घंटा वाहून उद्यापन करायचं. नंबर दिवाळीनंतरचा मिळाला तेव्हा मी धरला हा नेम. माणसं मिळत नाहीत तर देवाला तरी सांगावं, माझी वाणी घे थोडी आणि लेकीला दे. आधी दुपारच्या जेवणापुरता होता. शरूचं ‘दे’ कमी झालं तसं मला वाटलं, नेम अपुरा पडतोय. मग रात्रीचं जेवण धरलं. मग सकाळची न्याहारीही.

यातलं मी एक अक्षर बोललेली नाही, तरी मॅडमना सगळं ऐकू जातं. पेला त्या हळूच खाली ठेवतात. आता त्या हसत नाहीत.

“जेवताना? तिन्ही वेळा?”

मी मान डोलावते.

“शरूला भरवताना?”

मी शरूकडे बघते. शरू माझ्या तोंडाकडे बघते आहे. माझे ओठ मिटलेले, तर तिनेही मिटलेत. अगदी नीट, अभ्यास केल्यासारखे. मी घास पुढे नेते, ती मुकाट्याने तोंड उघडते, खाते, पुन्हा मिटते. किती शहाणी. किती दिवस मी मनात म्हणत होते की हल्ली पोर किती शहाण्यासारखी जेवते.

“ती शिकली की नाही बघ,” मॅडम अगदी हलक्या आवाजात म्हणतात. “तू शिकवलंस ते शिकली. हुशार आहे, मी म्हणत होते ना?”

माझ्या हातातला घास ताटात पडतो. बोलायला हवं, आत्ता, तिच्या कानाशी. पण देवाला दिलेला शब्द आहे. मोडला आणि त्याचं काही लेकीवर आलं तर? गळ्याशी येऊन थांबतं सगळं. शरूलाही असंच होत असेल, शब्द तिथवर येऊन थांबत असेल, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा समजतं.

“मोडू नकोस,” मॅडम म्हणतात. “मोड म्हटलं म्हणून तू मोडायची नाहीस, मला ठाऊक आहे. पण तुमच्यात ते असतं ना? बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर तिचा नेम घरातलं दुसरं कुणी पुढे चालवतं?”

असतं. माझ्या सासूबाईंचे सोळा सोमवार मीच पुरे केले होते.

“मग मला दे. की मी घरातली नाही?”

मी ताटात सांडलेली शितं एका कडेला सारते.

“अगं, जन्मभर बडबड केली. घरी गेलं की आमचे हे म्हणायचे, आता जरा घशाला सुट्टी दे. आता आहेच सुट्टी. तुझं मौन मी पाळते, कार्तिकापर्यंत. मला काय जड आहे? तू आपली बोल. भाताला भात म्हण, मिठाला मीठ म्हण, खारट झालं तर खारट म्हण. कुणी येईपर्यंत. आणि त्या बाकीच्यांनाही घेऊन बस गुरुवारी. माझ्यासारखं नाही जमणार तुम्हाला, ते खरं. पण बसा. खोली अशी गप्प ठेवू नका गं.”

त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापतो. मग त्या उजवा हात पुढे करतात, तळवा वर करून. “सोड पाणी. रीतसर हवं ना तुला?”

देवघरातली पळी माझ्या हातात असते. मी त्यांच्या तळव्यावर पाणी सोडते. तोंडाने काही म्हणता येत नाही, म्हणून मनात म्हणते. तळव्याची ओंजळ भरते, बोटांतून पाणी निथळतं. खाली भरती थांबते. रांगेतल्या बायका खाडीतून एकेक पाऊल मागे घेतात.

मॅडमना अजून काहीतरी सांगायचं असतं. चेहऱ्यावर दिसतं, ते जुनं चिडवणं, डोळ्यांच्या कडेला आलेलं. त्या तोंड उघडतात. मग त्यांना आठवतं. त्या ओठ मिटतात, माझ्याकडे बघून मान तिरकी करतात, आणि हनुवटीने मला दाखवतात. तिकडे बघ. शरूकडे.

मी बघते.

पंखा घरघरतो आहे. शरू जागी आहे. कोपरावर रेलून, अर्धी उठून बसली आहे. ती माझ्याकडे बघत नाही, आमच्या दोघींच्या मधे फरशीवर बघते आहे. तिथे ओंजळभर पाणी सांडलेलं आहे. तांब्या ओट्यावर आहे, पेला पालथा. वर स्लॅब कोरडा. माझा पदर कोरडा, तिचा फ्रॉक कोरडा.

शरू वळलेलं मनगट पुढे आणते. दोनदा चुकतं. तिसऱ्यांदा बोट पाण्यावर टेकतं. ती ओलं बोट माझ्यासमोर धरते आणि बघते, तिचं ते बघणं, जे मला लगेच कळतं. माझं शरीर ओट्याकडे निघालेलं असतं. मी बसून राहते.

“काय गं हे, शरू?” मी विचारते. माझाच आवाज मला मोठा वाटतो. “काय सांडलंय इथे?”

ती माझ्या तोंडाकडे बघते. मी पुढचं काही बोलत नाही, पण तोंड हसरं, उघडं ठेवते. बाहेर कुणीतरी भांडी घासतंय. पाणी कडेकडेने सुकायला लागलं आहे.

शरूचे ओठ मिटतात. घट्ट. जेवताना मिटते तसेच. मग मला दिसतं, मिटलेल्या ओठांमागे हवा साठते आहे, आणि तिचा डावा गाल हळूहळू फुगतो आहे.